खुर्ची दबली नाही

१

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्याकडे शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. शाल पांघरायची, नारळ फोडायचा आणि घड्याळाकडे बघत उरलेलं आयुष्य काढायचं, एवढाच त्याचा अर्थ. तातेरावांनी ते घड्याळ समारंभ संपायच्या आत कार्यालयातल्या शिपायाला देऊन टाकलं. मंडळ अधिकारी म्हणून सगळी नोकरी त्यांनी अंबड तालुक्यात आणि आसपास काढली होती, आणि वरिष्ठांशी भांडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गारपीट झाली की साहेब लोक जीपच्या काचेतून शेत बघायचे आणि पंचनामा उरकायचे. तातेराव चिखलात उतरायचे. ‘डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहिणार नाही’ या हट्टापायी त्यांनी बदल्या सोसल्या, बढती घालवली. अशा माणसाला लोक विक्षिप्त म्हणतात. न बघता सह्या ठोकणारे मात्र व्यवहारी ठरतात. असो.

निवृत्तीनंतर जालन्याला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीबाहेरचा लिंब त्यांना पानापानाने सुटा दिसला. परत येताना एसटीत ते कुणाशी बोलले नाहीत, वाद घातला नाही, नुसते बाहेर बघत राहिले. त्यानंतरच्या रविवारी ते फकरोद्दीन मास्तरांच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसले.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. कोर्टाच्या रस्त्यावर एका कापड दुकानाच्या माडीवर ते फक्त मोठ्या माणसांना शिकवायचे. लहान मुलांना सगळेच शिकवतात, मोठ्यांना नव्याने बघायला कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्यांनी तातेरावांपुढे एक तांब्या ठेवला. तातेरावांनी तासभर खपून तो काढला. मास्तरांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, डोळे बारीक करून बघितला.

“तातेराव, हा तुम्ही बघितलेला तांब्या न्हाई,” ते म्हणाले. “हा तुम्हाला मालूम असलेला तांब्या आहे. तोंड गोल असतं हे माहीत आहे, म्हणून गोल काढलं. बसल्या जागेवरून गोल दिसतंय का? बिलकुल न्हाई. चपटं दिसतंय. डोक्यातलं काढू नका. डोळ्यातलं काढा.”

तातेरावांना वाटलं, हाच माणूस तहसीलदार असता तर आपली नोकरी सुखाची झाली असती.

ते रोज काढू लागले. तांब्या, चप्पल, कुलूप, अर्धा चिरलेला कांदा. आधी सगळंच भोपळ्यासारखं दिसायचं. हळूहळू कांदा कांद्यासारखा दिसायला लागला. साठी उलटलेल्या माणसाचा हात असा वळताना बघणं ही मोठी गोष्ट असते. जे हसतात त्यांनी एकदा साधी चप्पल काढून बघावी.

महिनाअखेरीला मास्तर प्रत्येकाची सगळी चित्रं फरशीवर ओळीने मांडायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मार्क नाहीत, बक्षीस नाही. मास्तर त्या ओळीच्या कडेने अनवाणी चालत जायचे आणि शेवटी म्हणायचे, “फर्क आहे,” किंवा “फर्क न्हाई.” शेजारच्याच्या चित्राशी तुलना केलेली त्यांना खपायची नाही. आपलं चित्र आपल्याच मागच्या चित्राशेजारी ठेवायचं. त्यापरता खरा हिशेब नाही, असं ते सांगायचे.

“तुमच्यात फर्क आहे,” एका महिन्यानंतर ते तातेरावांना म्हणाले. “आता जिवंत माणूस काढा. घरात भाभी आहेत न्हवं?”

२

बेबीनंदा स्वयंपाकघरात होत्या. तातेरावांनी समोरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवली. लोखंडी सांगाड्याची, हिरव्या प्लास्टिकच्या वायरने विणलेली जुनी खुर्ची. कुणी बसलं की ती करकरायची आणि वायर मधोमध झोळीसारखी खाली यायची.

“अगं, जरा इथं येऊन बस.”

“कोण आलंय?” पदराला हात पुसत त्या दारात आल्या.

“कोणी न्हाई. तू बस खुर्चीवर.”

“मी?” त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “डोळ्याचं ऑपरेशन केलं का डोक्याचं?”

आपल्याकडे घरात खुर्ची कुणासाठी असते, हे सांगायला काही फार विद्वत्ता लागत नाही. ती पाहुण्यासाठी असते, सोयऱ्यासाठी असते, मीटर बघायला आलेल्या अनोळखी पोरासाठीही असते. घरच्या बाईला उंबरा असतो, नाहीतर भिंतीला टेकून फरशी. धावड्याहून लग्न होऊन आल्यापासून बेबीनंदा नवऱ्यासमोर खुर्चीवर बसल्या नव्हत्या. कुणी मनाई केली नव्हती. मनाई करायची वेळच कधी आली नव्हती. कुणाला हे वाचून राग येत असेल तर येऊ द्या, पण आधी आपल्या घरात एकदा बघून घ्या.

त्या अगदी कडेला टेकल्या.

“नीट मागं सरकून बस.”

“घेरी आल्यासारखं होतंय मला. सगळं लई वरून दिसून राह्यलंय.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “त्या फॅनवर केवढी धूळ हाय हो.”

पहिलं चित्र बघून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. “अशी दिसत असते तर तुमच्या आईनं पसंत कशी केली असती?”

पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या आपणहून येऊन खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. “काढायचं न्हाई का आज?”

मग तो नेम झाला. दुपारी खिडकीतून उजेड आत आला की त्या बसायच्या आणि तातेराव काढायचे. तातेरावांना मनातून शरम वाटायला लागली, कारण त्यांना दिसत होतं ते सगळं नवीन होतं. या बाईची मान इतकी ताठ आहे, याचा पत्ताच नव्हता. मनगटावर तव्याचा जुना चटका होता. आणि डाव्या भुवईचं टोक जरा वर उचललेलं होतं, समोरच्याचं बोलणं ऐकून घेतलं पण पटलं नाही, अशा माणसाचं असतं तसं. सगळ्या तालुक्याशी वाद घालणाऱ्या तातेरावांना कळलं, की घरात एक माणूस इतकी वर्षं गप्प राहून आपल्याशी असहमत होता. त्यांना त्या भुवईचं मनापासून कौतुक वाटलं. ती भुवई साधेपर्यंत त्यांनी कितीतरी कागद घालवले.

३

महिनाअखेरीला मास्तरांनी चित्रं मांडली. पहिल्यात बेबीनंदा पोत्यासारख्या होत्या. पुढच्या काहींत मान आली, मग हात आले. शेवटच्या चित्रापाशी मास्तर थांबले ते खालीच बसले.

“तातेराव,” ते म्हणाले, “चाळीस साल मी पोरं शिकवली. भुवई काढणारं कोणी भेटलं न्हाई. सगळे केस काढतात. तुम्ही भुवई काढली.”

तातेरावही चित्रापाशी खाली बसले. उभ्या नोकरीत असं कुणी बोललं नव्हतं.

“पण एक गलती आहे. भाभी बसल्यात, कुर्सी दबली न्हाई.”

वर्गातला बद्रीनाथ लगेच वाकून बघायला आला. त्याचं औषधाचं दुकान होतं आणि जीभ त्या दुकानातल्या कुठल्याही औषधाहून कडू. “खरंच की. काका, तुम्ही खुर्ची सोडायला तयार न्हाईत वाटतं. काकूंना हवेतच बसवलंय.”

सगळे हसले. तातेरावही हसले. मास्तर मात्र हसत नव्हते. ते ओळीच्या पहिल्या टोकाला गेले आणि पुन्हा एकेका चित्राजवळ वाकत आले.

“अजीब बात आहे,” ते म्हणाले. “पहिल्या चित्रात वायर बराबर दबलीय. चित्र बेकार, पण वजन आहे. ह्याच्यात थोडी कमी दबली. ह्याच्यात आणखी कमी. बाकी सगळं पुढं जाऊन राह्यलं आणि ही एकच चीज मागं जाऊन राह्यली. असं होत नसतं.”

तातेरावांनी बघितलं. खरं होतं. ओळीच्या डाव्या टोकाला वायरची खोल झोळी. उजव्या टोकाला ती सरळ, कोऱ्या खाटेसारखी ताणलेली.

“दिसलं तसं काढलं मी,” ते म्हणाले.

“असं दिसत न्हाई कधी. परत बघा.”

४

तातेरावांनी परत बघितलं.

बेबीनंदा येऊन बसल्या. खुर्ची करकरली नाही. हे आधी कधीपासून होतं, ते तातेरावांना आठवेना. चित्र काढताना माणूस ऐकत नाही. त्यांनी मान तिरकी करून साडीच्या काठाखालची वायर बघितली. हिरव्या पट्ट्या एकमेकींना समांतर, सरळ होत्या.

तातेराव विचार करणारा माणूस. त्यांनी पहिला दोष डोळ्यातल्या नव्या भिंगाला दिला. भिंग वाकडं दाखवत असेल. पण मग दाराची चौकट सरळ का दिसते? दुसरा दोष वायरला दिला. बेबीनंदा आत गेल्यावर ते स्वतः खुर्चीवर बसले. खुर्ची कण्हली आणि वायर बरीच खाली गेली. ते उठले. घरातलं मांजर उजेड बघून खुर्चीवर उडी मारून बसलं, तर मांजराखालीसुद्धा वायरला छोटीशी वाटी पडली.

पुढच्या दुपारी त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला. फोटोत नेमका पदर पुढे आला होता. पदर जरा बाजूला घे, एवढं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. कारण ती विचारणार, का? आणि त्याचं उत्तर त्यांना मोठ्याने म्हणून बघायचं नव्हतं.

आणि तरी बाई सगळ्या अंगाने नांदती होती. सकाळी भाकरी थापायची तेव्हा परातीचा आवाज गल्लीत जायचा. भाजीवाल्याशी कोथिंबिरीसाठी भांडायची. शेजारची शालू येऊन तिच्या खांद्याला धरून हसायची. एवढ्या जोराने भाकरी थापणाऱ्या माणसाला वजन नसतं, असं कोण म्हणेल? तातेरावांनी हा मुद्दा स्वतःपुढे पुन्हापुन्हा मांडला. तो मुद्दा बिनतोड होता. फक्त दुपारी ती खुर्चीवर येऊन बसली की तो उपयोगाचा राहायचा नाही.

“तुझी तब्येत बरी हाय ना?” एकदा त्यांनी विचारलं.

“लई बरी हाय.” त्या समोर बघतच बोलल्या, हलायचं नाही हे त्या आता शिकल्या होत्या. “ते गुडघ्याचं दुखणं हाय का, ते गेलं बघा. तुम्ही चित्र काढायला लागल्यापासून. इथं बसलं की हलकं वाटतं.”

“हलकं म्हणजे?”

“हलकं म्हणजे हलकं. आता त्याचा काय पंचनामा करता?”

तातेरावांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्यांनी तो परतवला. संध्याकाळी त्यांनी सगळी चित्रं पलंगावर मांडली आणि मास्तरांसारखे कडेने चालत गेले. पहिल्या चित्रांत आपल्याला बघता येत नव्हतं, म्हणून आपण डोक्यातली दबलेली खुर्ची काढली, असं म्हणता येत होतं. पण तेव्हा ती खरंच दबत होती, आपण बघायला शिकलो तशी दबायची थांबली, असंही म्हणता येत होतं. दोन्ही म्हणण्यांना ही चित्रं सारखाच पुरावा देत होती. आणि दुसरं खरं असेल, तर आपलं चित्र जितकं चांगलं होणार, तितकी ही आपल्याकडे कमी राहणार.

चित्रं त्यांनी पालथी घातली.

५

त्या रविवारी मास्तर म्हणाले, “जालन्याला माझ्या जुन्या पोरांनी प्रदर्शन ठेवलंय. भाभींचं चित्र मी पहिल्या भिंतीवर लावणार. फक्त ती कुर्सी दुरुस्त करा.”

“न्हाई करणार.”

“जिद्द करू नका.”

“मास्तर, डोळ्यातलं काढा म्हणून तुम्हीच सांगितलं. आता डोळ्यात न्हाई ते काढ म्हणता?” तातेरावांचा आवाज चढला. जुनी सवय. “मी जीपमधून शेत बघणाऱ्यांतला न्हाई.”

“मंग मी येतो. मी बघतो,” मास्तर म्हणाले. तेही तापले होते.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बेबीनंदांनी डोक्यावर पदर घेतला, परक्या माणसासमोर खुर्चीवर बसायला त्या तयार होईनात. मास्तर म्हणाले, “भाभी, मी तुमची भुवई बघायला आलोय. तिनं माझ्या वर्गात धमाल केलीय.” त्या हसल्या आणि बसल्या. कसलाही आवाज झाला नाही. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, तेवढंच.

मास्तर काढू लागले. त्यांचा हात बघणं म्हणजे सुख होतं. पेन्सिल कागदावर टेकायच्या आधी जरा हवेत फिरायची, आणि मग एकच रेघ यायची, परत फिरवावी न लागणारी. मान आली, खांदा उतरला, पदराची घडी पडली. तातेराव मागे उभं राहून बघत होते. मास्तर खाली आले आणि एका झटक्यात त्यांनी दबलेली वायर काढली, खोल, छायेसकट. हजारदा काढलेली असावी तशी.

“मास्तर,” तातेराव हळूच म्हणाले, “ही तुम्हाला मालूम असलेली खुर्ची आहे.”

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. डोळे बारीक केले, मान आधी एका बाजूला केली, मग दुसऱ्या. तातेरावांना त्यांच्या कानामागची शीर उडताना दिसली.

“झालं का?” बेबीनंदांनी समोर बघतच विचारलं.

“हो भाभी,” मास्तर म्हणाले. “झालं.”

त्यांनी चहा घेतला नाही. चित्राची गुंडाळी केली आणि ती उघडून दाखवली नाही. तातेराव त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. भर उन्हात मास्तर शालूच्या भिंतीच्या सावलीला उभे राहिले.

“तुम्हाला काय दिसलं?” तातेरावांनी विचारलं.

“ते विचारू नका.”

“दबली न्हाई ना?”

“तातेराव, तुमच्यासारखा डोळा माझ्या वर्गात कोणाला आला न्हाई. मला पण न्हाई आला, हे मी आज मानून राह्यलो.” ते खाली बघत होते. “चाळीस साल सांगितलं, दिसतं तेच काढा. आज उलटं सांगतो. घरी जा आणि कुर्सी दाबून काढा. खोटी काढा. चांगली काळी करा. भाभींना बसलेलं राहू द्या.”

“मंग माझ्यात फर्क काय राह्यला?”

“फर्क गेला खड्ड्यात,” मास्तर म्हणाले, आणि छत्री उघडायचं विसरून तसेच उन्हात चालत गेले.

६

तातेरावांनी दुसऱ्या दिवशी खोटं काढलं.

आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी वर बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मान कागदात घातली आणि पाठ झालेली बेबीनंदा काढली, आणि मग खुर्चीपाशी आल्यावर पेन्सिल आडवी धरून वायरला झोळ दिला. दाबून दिला. पेन्सिलचं टोक मोडलं, त्यांनी दुसरी घेतली. छाया काळी केली, त्यावरून परत काळी केली. एखाद्या अख्ख्या घराचं ओझं पडावं तशी ती खुर्ची त्यांनी खाली आणली.

समोरून आवाज आला. कर्र.

तातेराव मनातून सुखावले. वायर ताणली गेल्याचा आवाज होता तो. रोजच्या माणसाचा, जड, ओळखीचा.

“आई गं,” बेबीनंदा म्हणाल्या.

“काय झालं?”

“गुडघा.” त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते. “परत आला बघा. कंबर पण भरून आली एकदम.” त्या कशाबशा उठल्या, दर पावलाला भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पावलांचा आवाज घरभर येत होता. तातेराव तो ऐकत बसले. इतकी वर्षं हा आवाज येत होता आणि आपण तो कधी मोजला नाही, धरला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आता तो कानाला गोड लागत होता. हे गोड लागणं चांगलं नाही, हेही त्यांना कळत होतं. पण बायको घरात होती. जमिनीवर होती.

त्यांनी पुढचे काही दिवस असंच काढलं. बेबीनंदा रोज येऊन बसायच्या, खुर्ची रोज करकरायची. त्यांचा चेहरा उतरत गेला. हसणं थांबलं. मग एका दुपारी बसायच्या आधी त्यांनी नवऱ्याच्या हातातून कागदांचा गठ्ठा घेतला आणि खिडकीशी उभं राहून एकेक चित्र बघितलं. ज्या बाईला कुणी कधी चित्र बघायला शिकवलं नव्हतं, तिने जुनी आणि नवी चित्रं दोन ढीग करून वेगळी ठेवली. एकही चुकलं नाही.

“ही मी न्हाई,” नव्या ढिगावर हात ठेवून त्या म्हणाल्या. “ही न बघता काढलीत.”

तातेरावांनी पेन्सिल बाजूला सारली.

“खाली बघून काढता तुम्ही. मला कळतं. तुम्ही बघता तवा मला इथं…” त्यांनी छातीशी हात नेला, “इथं कोणीतरी गाठ सोडल्यासारखं होतं.”

“तुला समजून राह्यलंय का, काय होतंय ते?”

“थोडं थोडं.”

“मास्तरांनी बघितलं. ते पळाले.”

“पळू द्या. त्यांची बायको हाय का मी?” भुवईचं टोक जरासं वर गेलं. “बसू का?”

“बेबी,” तातेराव म्हणाले. या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती. “मी नीट बघितलं तर तू…” त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “तू राहशील का?”

“आन तुम्ही बघितलं न्हाई तर मी राहीन व्हय?” त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. भाजीवाल्याला हिशेब समजावतात तसा सूर होता. “तशी राह्यलेच की इतकी वर्षं. उंबऱ्यावर. मला ती चित्रातली बाई आवडली हो. ती पहिल्या ढिगातली. लई ऐटीत बसली होती. तिला पुरी काढा.”

७

दुपार होती. गल्ली जेवून झोपली होती. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर, मग खुर्चीच्या पायांवर, मग हिरव्या वायरवर पडला होता.

बेबीनंदांनी चपला दाराशी काढल्या, पदर नीट केला आणि बसल्या. खुर्ची गप्प राहिली.

तातेरावांना पळून जाता आलं असतं. मास्तरांसारखं चहा न पिता निघून जाता आलं असतं. कागदात मान घालून आणखी एक काळी, जड, खोटी खुर्ची काढता आली असती. ती करकरली असती आणि ती बाई कण्हत का होईना, त्यांच्या म्हातारपणाला पुरली असती. असं करणारा नवरा वाईट आहे, असं या तालुक्यात कुणी म्हटलं नसतं.

त्यांनी पेन्सिलला टोक केलं. मांडीवरच्या पाटीवर नवा कागद लावला. रोज ते कागद आडवा धरायचे, आज त्यांनी उभा केला. खुर्ची अगदी खाली, कागदाच्या कडेशी काढली. वायर बघून काढली, एकेक पट्टी, सरळ आणि समांतर. आजवर काढलेली ती सगळ्यात चांगली खुर्ची होती, हे काढतानाच त्यांना समजत होतं. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं, तरी ती रिकामी दिसत नव्हती. हे कसं साधलं, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं.

पेन्सिलचा खरखर आवाज तेवढा खोलीत होता. तो थांबला.

“घाई करू नका,” बेबीनंदा म्हणाल्या. “नीट बघा.”

आवाज शांत होता, जवळचा होता, आणि खुर्चीच्या पाठीपेक्षा बराच वरून आला.

तातेरावांनी मान वर केली. मग आणखी थोडी वर केली, आणि भुवईपासून काढायला सुरुवात केली.